लल्ला शामांच्या पेनड्राइव्हवरचं कुलूप

रमजानात मी भांडकुदळ होतो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. उपासाचं काही वाटत नाही, भूक-तहान दुपारपर्यंत अंगवळणी पडते. पण सिगारेट नाही आणि कॉफी नाही, म्हणजे सकाळी अकरा वाजता मी माणसांत बसवण्याच्या लायकीचा उरत नाही. मोरोक्कोत, तेतुआनच्या जुन्या शहरात, चांभारगल्लीच्या तोंडाशी माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. समोरचा हिशाम मोबाइल दुरुस्त करतो आणि उरलेला वेळ मला चिडवण्यात घालवतो. यंदा त्यानं माझ्या दाराला एक कागद चिकटवला होता : ‘मालक उपाशी आहे, लांबून बोला.’

तरी रमजानच्या सतराव्या दिवशी लल्ला शामा दारात आल्या, तेव्हा मी उठून उभा राहिलो. या शहरातल्या निम्म्या नवरीमुलींच्या काफ्तानवर, म्हणजे लग्नातल्या पायघोळ झग्यावर, त्यांच्या हातची नक्षी आहे. माझ्या बायकोच्याही. सत्तरी गाठलेली बाई, म्हणून मानानं ‘लल्ला’, पण पाठ अजून ताठ. त्यांनी पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्या टेबलावर सोडली. आत एक जुनाट पेनड्राइव्ह होता, दोन जीबीचा.

“अब्दलवाहिद, हा मेलाय की जिवंत आहे, तेवढं बघ.”

“काय म्हणतोय?”

“वाचतो सगळं. लिहून घेत नाही. कॉम्प्युटरवर कुलपाचं चित्र येतं.”

त्यांच्या घरी तळमजल्यावर भरतकामाचं मशीन आहे, वीस वर्षांचं. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, ती पेनड्राइव्हवर घ्यायची, पेनड्राइव्ह मशीनला लावायचा, मग मशीन सुई चालवतं. कॉम्प्युटर मीच त्यांना गेल्या ईदनंतर बसवून दिलाय, विंडोजवाला नाही, लिनक्सवाला. पण मशीन भलतं खोडील. दोन जीबीच्या वरचा पेनड्राइव्ह लावला की पडद्यावर प्रश्नचिन्ह काढून गप्प बसतं. आणि आता दोन जीबीचे मिळतात कुठे?

“नवी नक्षी निसरीनसाठी आहे,” त्या म्हणाल्या. निसरीन ही त्यांची नात, आठ वर्षांची. यंदा तिचा पहिला उपास. रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री पोरीला नवरीसारखं सजवून फोटोवाल्याकडे न्यायचं, म्हणजे काफ्तान हवाच. “माझ्या जुन्या नक्ष्या सगळ्या मोठ्या बायकांच्या. त्यातलं एक फूल त्या पोरीच्या छातीवर काढलं तर दुसऱ्याला जागा उरत नाही. म्हणून सगळं लहान करून नव्यानं काढलंय. ते मशीनपर्यंत पोचतच नाही.”

“होईल, लल्ला. अजून दहा दिवस आहेत.”

त्या खुर्चीवर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “अनवरनं लाराशच्या एका माणसाला मशीन द्यायचं कबूल केलंय. ईदनंतर नेणार आहे तो. म्हणे, आई, ते जुनं झालं, तूही दमलीस, आता आराम कर. मी म्हटलं, मशीन चालतंय की. तर म्हणाला, सत्तावीसच्या आत निसरीनचा काफ्तान करून दाखव, मी पुन्हा विषय काढणार नाही. आणि नेमका तेव्हापासून हा मेला रुसून बसलाय. मशीन गेल्यावर मी दिवसभर काय करू, अब्दलवाहिद? टीव्हीपुढे बसून मटार सोलू?”

अनवर माझ्या वर्गातला. आता गाडी चालवायला शिकवतो. स्वभावानं चांगला आहे, आईवर जीव आहे त्याचा, पण एकदा आराम द्यायचं ठरवलं की समोरच्याला आराम घेतल्याशिवाय सुटका नाही.

मी पेनड्राइव्ह लावला. खरंच कुलूप. नवी फाइल टाकायला गेलो तर फाइल मॅनेजर म्हणतो, हा ड्राइव्ह फक्त वाचण्यासाठी आहे. हा फाइल मॅनेजर म्हणजे सरकारी खिडकीतला कारकून. आत काय घडलंय ते सांगणार नाही, “आज होणार नाही” एवढंच तोंडावर मारणार. मी पेनड्राइव्हच्या कडेला लॉकचं बारीक बटण आहे का पाहिलं. नव्हतं. मग हिशामकडे नेला. त्याच्या कॉम्प्युटरवर विंडोज आहे. विंडोजनं विचारलं, या ड्राइव्हमध्ये गडबड दिसते, तपासू का? हिशामनं सवयीनं ‘नको’ दाबलं आणि एक फाइल बिनबोभाट लिहून दाखवली.

“पेनड्राइव्ह ठणठणीत आहे,” हिशाम म्हणाला. “तुझा कॉम्प्युटर खोटारडा आहे. मालकावर गेलाय.”

“तू गप बस. त्यानं तुला काहीतरी विचारलं होतं, ते वाचलंस तरी का?”

“रमजानात मी काही वाचत नाही. डोळे दुखतात.”

परत येऊन मी पेनड्राइव्हची नीट तपासणी चालवली. निघालं ते एवढंच : मागच्या वेळी हा ड्राइव्ह नीट बंद न करता तोडला गेला होता. एक फाइल अर्धवट लिहिलेली राहिली होती, ती खूण पाहून लिनक्सनं खबरदारी म्हणून लिहिणं थांबवलं होतं. वस्तू धडधाकट, पण हे शहाणं तिला आजारी ठरवून निजवून ठेवतंय. मी अर्धवट फाइल साफ केली, खूण पुसली. कुलूप गेलं. लल्ला शामा दुवा देत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा दारात. पुन्हा कुलूप.

“लल्ला, तुम्ही तो ओढून काढता,” मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. “आधी पडद्यावर ‘सुरक्षित काढा’ दाबायचं, मग हात लावायचा. मी किती वेळा सांगितलंय.”

त्यांच्या भुवया वर गेल्या. “मी? मी पन्नास वर्षं सुई धरतेय, धाग्याला गाठ मारल्याशिवाय उठत नाही. ओढून काढते म्हणे. अरे, तो मी काढतच नाही. रमजान लागल्यापासून कॉम्प्युटरलाच लावलेला असतो, नक्षी पुरी होईपर्यंत त्याच्यावरच काम करते. काढते ती फक्त तुझ्याकडे आणायला, आणि तेव्हा तू सांगितलंस तसं दाबूनच काढते.”

हिशाम समोरून ऐकत होता. “माफी माग,” तो ओरडला. “मोठ्या बाईला बोलतोस, उपास फुकट जाईल.”

मी माफी मागितली. पण मनातून मानलं नव्हतं. दुरुस्तीच्या धंद्यात एक वाईट खोड लागते, समोरचा खोटं बोलतोय असं धरूनच आपण सुरुवात करतो. पुन्हा साफ करून दिला. विसाव्या दिवशी पुन्हा कुलूप. मग मी सगळ्या नक्ष्या माझ्याकडे उतरवून घेतल्या, पेनड्राइव्ह पार कोरा केला, नव्यानं तयार केला, नक्ष्या परत भरल्या. सोळा जीबीच्या एका नव्या पेनड्राइव्हवर दोनच जीबीचा कप्पा करून तोही त्यांना देऊन पाहिला. मशीननं त्याच्याकडे पाहून नाक मुरडलं, तेच प्रश्नचिन्ह. आणि कोरा करून भरलेला जुना? बाविसाव्या दिवशी कुलूप घेऊन हजर.

आता माझ्याकडे एकच कारण उरलं होतं. वस्तू म्हातारी झाली की अशीच कुरकुरते, कधी चालते, कधी नाही. खरं सांगायचं तर मला ते पटत नव्हतं, तपासणीत एकही जागा खराब निघाली नव्हती. पण कॉफी नव्हती, डोकं चालत नव्हतं, आणि मला या प्रकरणातून सुटायचं होतं. मी कुलूप एकदा शेवटचं काढलं आणि सांगून टाकलं, “लल्ला, उद्या पुन्हा होणार. हा गेल्यात जमा आहे. दुसरा मिळेपर्यंत मशीन बंदच धरा.”

त्यांनी पुरचुंडी बांधली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांचा चेहरा पडला, एवढंच.

“मग आज इफ्तारला घरी ये,” त्या म्हणाल्या. “तूच सांग अनवरला. माझ्या तोंडानं मी सांगणार नाही.”

मला दुपारभर लाज वाटत राहिली. हिशाम खालच्या आवाजात म्हणाला, “जाऊ नको लेका, तब्येत बिघडली म्हणून सांग.” पण अशा घरचं बोलावणं मोडता येत नाही, आणि मला ते मोडायचंही नव्हतं. निदान शिक्षा सुनावताना आपण समोर असावं.

उपास सोडायच्या भोंग्याला पाच-सहा मिनिटं असताना मी पोचलो. वरून धण्या-जिऱ्याचा आणि टोमॅटोचा वास जिन्यावर उतरत होता, उपास सोडायचं सूप, हरीरा, तयार होतं. लल्ला शामा तळमजल्यावर कॉम्प्युटरपुढे. कुलूप नव्हतं, मीच दुपारी काढलेलं. निसरीनच्या नक्षीतली पाकळी त्या माउसनं आत सरकवत होत्या. एकेका टाक्याची जागा बदलत होत्या आणि दर मिनिटाला सेव्ह करत होत्या. मी मागे स्टुलावर बसून पाहत राहिलो. उद्या ही फाइल कुठेच जाणार नाही हे त्यांना माहीत होतं, आणि तरी ती पाकळी वाकडी दिसतेय म्हणून त्या सरळ करत होत्या.

त्यांनी पुन्हा सेव्ह दाबलं, आणि भोंगा झाला. लगेच फट असा आवाज आला आणि अख्खा तळमजला काळोखात गेला. कॉम्प्युटर, दिवा, पंखा, सगळं.

“चल,” अंधारात लल्ला शामा आरामात उठल्या. “हरीरा निवतो.”

“लाइट गेली?”

“जाईल कुठे? अनवरनं घालवली. रोजच घालवतो.”

मी स्टुलावरून उठलोच नाही. “रोज म्हणजे?”

“रमजानात रे. त्याचे वडील असताना इथे आठ मुली कामाला होत्या. भोंगा झाला तरी उठायच्या नाहीत, आणखी एवढंच, आणखी एवढंच. मग हे अनवरला मेन स्विचपाशी उभं करायचे. भोंगा झाला की पाड खाली. म्हणजे झक मारत जेवायला येतात. आता मुली नाहीत, मी एकटीच. पण तो पाडतो अजून. नाहीतर मी उठणार नाही म्हणतो. खरंच आहे ते.”

कॉम्प्युटर ‘सेव्ह झालं’ म्हणतो तेव्हा ते खोटं असतं. त्यानं नुसतं लक्षात ठेवलेलं असतं, पेनड्राइव्हवर तो मागाहून सवडीनं उतरवतो. आणि हा गृहस्थ रोज नेमक्या त्या क्षणी त्याच्या हातातली लेखणी हिसकावून घेत होता. एरवी वर्षभर लल्ला शामा रात्री स्वतः नीट बंद करतात, म्हणून अकरा महिने काही होत नाही. मी पाच दिवस या बाईला खोटं ठरवलं होतं, तिच्या पेनड्राइव्हला मेलेलं ठरवलं होतं, आणि घरी येऊन पाच मिनिटं बसलो नव्हतो.

वर गेलो तेव्हा मला अनवरच्या नावानं गल्लीभर ओरडायचं होतं. पण त्यानं हसतमुखानं माझ्या हातात खजूर ठेवला, दूध ठेवलं, हरीऱ्याचा वाडगा पुढे सरकवला. पहिल्या घोटानंतर माणसाला रागावताच येत नाही. पाच घोटांनंतर मी माणसात आलो.

“अनवर,” मी म्हणालो, “तुझा शिकाऊ विद्यार्थी भर रस्त्यात, गाडी पळत असताना चावी फिरवून इंजिन बंद करायला लागला, तर तू काय करशील?”

“कानाखाली देईन.”

“मग दे स्वतःच्या. तू रोज तेच करतोयस.”

मी सगळं समजावून सांगितलं. त्याची बायको मधात बुडवलेली शबाकिया खाता खाता थांबली. निसरीन आज उपाशी नव्हती, पण सगळ्यांच्या आधी तिचा दुसरा वाडगा चालू होता. तिनं तोंड पुसून निकाल दिला, “म्हणजे बाबांनी मोडला.”

“मोडला नाही,” मी म्हणालो. “तो चांगला आहे. तुझे बाबाही चांगले आहेत. दोघांना एकत्र ठेवायला नको.”

अनवर लालबुंद झाला. “म्हणजे मी मुद्दाम केलं? अरे, ती जेवायला उठत नाही म्हणून करतो मी. आई, तुझ्यासाठीच करतो ना?”

“माहीत आहे,” लल्ला शामा म्हणाल्या. त्या अंडं सोलत होत्या, सोलून त्याच्या ताटलीत ठेवलं, वर जिरं-मीठ भुरभुरलं. “तू सगळं माझ्यासाठीच करतोस. स्विच पाडतोस तेही, लाराशच्या माणसाला हो म्हणालास तेही. फक्त विचारत नाहीस. तो एवढासा पेनड्राइव्ह, त्यालासुद्धा काढण्याआधी विचारावं लागतं म्हणे. मला विचारलंस का तू कधी?”

अनवरनं अंडं उचललं आणि तसंच परत ठेवलं. त्याच्या बायकोनं मला आणखी हरीरा वाढला, नको म्हणत असताना. आम्ही सगळे जरा जास्तच लक्ष देऊन जेवलो.

जेवण झाल्यावर मी खाली गेलो, स्विच वर केला, पेनड्राइव्ह साफ केला, निसरीनची नक्षी त्यावर टाकली आणि पडद्यावर ‘आता काढू शकता’ येईपर्यंत हाताची घडी घालून उभा राहिलो. मशीनला लावला. मशीननं क्षणभर विचार केला आणि छोट्या छोट्या फुलांची ओळ दाखवली. लल्ला शामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मेला म्हणाला होतास,” एवढंच त्या बोलल्या. ते टोचलं, आणि ते टोचायलाच हवं होतं. मग मी त्यांच्या अंगणात जाऊन दिवसाची पहिली सिगारेट ओढली. इतकी चांगली सिगारेट मी त्या महिन्यात ओढली नव्हती.

पुढच्या तीन दिवसांत त्या पुन्हा दुकानात आल्या नाहीत. हिशामनं कुणाच्या तरी जुन्या खोक्यातून एक जीबीचा पेनड्राइव्ह शोधून काढला. म्हणाला, “जा, नेऊन दे. एक आजारी पडला तर दुसरा असावा. आणि माझं नाव सांग, तुझं नको.” तो घेऊन पंचविसाव्या दिवशी मी संध्याकाळी गेलो, मुद्दाम भोंग्याच्या आधी. मला बघायचं होतं.

मशीन चालू होतं. काफ्तानची गळपट्टी चौकटीत ताणून बसवली होती, फिक्कट हिरवं कापड, त्यावर जरीची फुलं, नखाएवढी. लल्ला शामा दोन्ही हातांनी चौकटीबाहेरचं कापड सांभाळत होत्या, कारण जुन्या मशीनला ते ओढून धरायची खोड आहे. अनवर जिन्याच्या पायरीवर बसला होता. शेजारी ताटलीत खजूर, दुधाचा पेला. स्विचबोर्ड त्याच्या डोक्याच्या वर एक हातावर.

“आई, किती राहिलंय?” त्यानं विचारलं.

“दीड फूल.”

“भोंग्याला चार मिनिटं आहेत.”

“मग भोंगा होऊ दे. एक खजूर माझ्या तोंडात घाल, म्हणजे झालं. नंतर येते वर.”

“बरं.”

तो बसून राहिला. एवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. भोंग्याच्या तोंडावर फोन करणारा माणूस अख्ख्या मोरोक्कोत एखादाच असेल. अनवरनं नाव पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. लाराशचा होता. ईद जवळ आली, गाडी ठरवायची असणार त्याला.

अनवर उठला. मला वाटलं, जिन्यावरून वर जाईल आणि दार लावून बोलेल. तो आईजवळ गेला, खाली वाकला आणि वाजणारा मोबाइल तिच्यासमोर धरला.

“आई, लाराशचा आहे, मशीनचं विचारेल. काय सांगू?”

लल्ला शामांनी मान वर केली नाही. सुई फुलाच्या शेवटच्या पाकळीवर होती.

“नाही म्हणून सांग,” त्या म्हणाल्या. “माझे हात गुंतलेत.”